विहिरीपासून ओगराळ्यापर्यंत : छोट्या गावाचे पिण्याचे पाणी

पिण्याच्या पाण्यात दोन गोष्टी नसाव्या लागतात. एक म्हणजे माणसांच्या किंवा जनावरांच्या विष्ठेतून आलेले रोगजंतू, आणि दुसरी म्हणजे खडकातून, शेतातून किंवा सांडपाण्यातून उतरलेली अपायकारक रसायने. रोगजंतूंचे पाणी दोन-तीन दिवसांत गाव अंथरुणाला खिळवते. रसायनांचे पाणी वर्षानुवर्षे पोटात जाते, तेव्हा कुठे त्याची खूण दातांवर आणि हाडांवर उमटते. दोन्ही दोष डोळ्यांना दिसत नाहीत आणि बहुतेक वेळा जिभेलाही कळत नाहीत. म्हणून नितळ पाणी आणि शुद्ध पाणी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही दोषांवर एकच उपायही नाही.

मोठ्या शहरात जलशुद्धीकरण केंद्र, प्रयोगशाळा आणि अभियंते असतात. गावच्या योजनेत एक विहीर किंवा बोअर, एक पंप, एक टाकी, काही किलोमीटर पाइप आणि पाणी सोडणारा एक माणूस असतो. तरीही पाण्याच्या शुद्धतेची कसोटी शहराला आणि गावाला एकच आहे. भारतीय मानक १०५०० हे पिण्याच्या पाण्याचे राष्ट्रीय मानक लोकसंख्या पाहून बदलत नाही. मोठ्या यंत्रणेचे काम छोट्या गावात रोजच्या दक्षतेने भरून काढावे लागते.

इस्लापूरचा पट्टा

अशा छोट्या गावांचे उदाहरण म्हणून इस्लापूर घेऊ. हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील गाव. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गाच्या पट्ट्यात, पैनगंगेच्या जवळ ते वसले आहे. गावापासून थोड्या अंतरावर सहस्रकुंडचा धबधबा आहे. तेथे नदीच्या एका बाजूला मराठवाड्यातला नांदेड जिल्हा, तर दुसऱ्या बाजूला विदर्भातला यवतमाळ जिल्हा लागतो. आसपास जंगल, डोंगरउतार आणि त्यांत विखुरलेल्या वाड्या, तांडे व आदिवासी गुडे आहेत. नांदेड जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस याच किनवट-माहूर भागात पडतो. पावसाळ्यात सहस्रकुंड दुथडी भरून कोसळते. उन्हाळ्यात मात्र त्याच पैनगंगेचे पात्र ठिकठिकाणी उघडे पडते, आणि वरच्या इसापूर धरणातून पाणी सोडा, अशी मागणी नदीकाठच्या गावांतून होऊ लागते.

भरपूर पाऊस आणि तरीही उन्हाळ्यात टंचाई, याचे कारण जमिनीखाली आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. हा खडक स्वतः पाणी धरत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. किनवट, माहूर आणि तेलंगणाच्या सीमेकडच्या भागात बेसाल्टचा थर पातळ होत जातो आणि काही ठिकाणी त्याखालचा ग्रॅनाइट वर येतो. अशा खडकात साठा थोडा आणि उतारही जास्त, त्यामुळे पावसाचे पाणी लवकर वाहून जाते. दिवाळीनंतर विहिरींची पातळी उतरू लागते, मार्च-एप्रिलमध्ये हापशाला दहा-पंधरा वेळा दांडा मारल्यावर पाणी येते, आणि वस्तीला नदी-नाल्याच्या वाळूत झिरे काढावे लागतात.

पाण्याची टंचाई आणि पाण्याची शुद्धता यांचा जवळचा संबंध आहे. विहीर आटली की तळाचा गाळ उपसला जातो. झिऱ्यात जनावरेही तोंड घालतात. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतून भरले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. पाऊस सुरू झाला की दुसरे संकट येते. पहिल्या जोरदार सरींबरोबर उकिरड्याची, गोठ्याची आणि उघड्यावरची घाण वाहत येऊन आडात आणि विहिरीत उतरते. त्यामुळे वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ जून आणि जुलै हा असतो.

२०२४ च्या जूनअखेरीस नांदेड जिल्ह्याने याचा अनुभव घेतला. नायगाव तालुक्यातील मुगाव तांडा येथे विहिरीचे दूषित पाणी पिऊन नव्वदहून अधिक लोकांना जुलाब व पोटदुखी झाली. त्याच सुमारास नांदेड शहराजवळच्या नेरली येथे शेकडो लोक आजारी पडले आणि संशय टाकीतून येणाऱ्या पाण्यावर गेला. एका ठिकाणी विहीर होती, दुसऱ्या ठिकाणी टाकी. पाण्याच्या वाटेवर कोणत्याही टप्प्यावर घाण मिसळू शकते, हे या दोन घटनांनी दाखवले.

पाण्याची वाट

गावच्या योजनेत पाणी पाच टप्प्यांतून जाते. पहिला टप्पा उद्भवाचा, म्हणजे विहीर, बोअर किंवा नदीकाठची जॅकवेल. तेथून पंप पाणी उचलतो आणि ऊर्ध्ववाहिनीतून ते उंच टाकीत जाते. टाकीतून वितरणवाहिन्या गल्लोगल्ली फिरतात. शेवटी नळ, आणि नळानंतर घरातला माठ किंवा रांजण. प्रत्येक टप्प्याला स्वतःचा कच्चा दुवा आहे.

विहिरीचा कच्चा दुवा तिच्या काठाशी असतो. कठडा फुटलेला, भोवतीचा ओटा तडकलेला किंवा वर जाळी नसलेली विहीर म्हणजे सांडलेल्या पाण्याला आत जायला मोकळी वाट. हापशाच्या भोवती सिमेंटचा ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी नाली हवी. ती फुटली की ओट्याखाली डबके साचते आणि तेच पाणी केसिंगच्या कडेने खाली झिरपते. शौचालयाचा शोषखड्डा, गोठा आणि उकिरडा पाण्याच्या उद्भवापासून किमान १५ मीटर दूर असावा, असा सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा साधा नियम आहे. भेगाळलेल्या खडकात घाण याहूनही लांबवर जाऊ शकते, म्हणून अंतर जितके जास्त तितके चांगले. उद्भव उतारावर वरच्या बाजूला आणि शोषखड्डा खालच्या बाजूला असणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

टाकीचे झाकण आणि तिची धुलाई हा पुढचा प्रश्न. झाकण तुटलेल्या टाकीत पक्षी, उंदीर आणि पालापाचोळा पडतो. तळाशी बसलेला गाळ क्लोरिन खाऊन टाकतो. त्यामुळे जंतू मारायचे राहून जातात.

सर्वांत फसवा टप्पा वाहिन्यांचा. गावात पाणी दिवसातून एक-दोन तास, कधी दिवसाआड सुटते. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो आणि गळतीतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद झाले की दाब जातो, पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि ज्या भेगेतून मघाशी स्वच्छ पाणी बाहेर येत होते, तिथूनच गटाराचे पाणी आत शिरते. नळाला टुल्लू पंप थेट जोडला की ही ओढ आणखी वाढते. एका घराने जास्त पाणी ओढले म्हणून साऱ्या गल्लीच्या पाण्यात घाण मिसळते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ पाणी याच कारणाने पिण्यासाठी भरू नये.

नारूचा धडा

दूषित पाण्याचा आजार गावातून मुळासकट जाऊ शकतो, याचा पुरावा मराठवाड्याच्या जुन्या पिढीच्या आठवणीत आहे. पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय बुडवायचा, अशा बारवा आणि पायविहिरी येथे ठिकठिकाणी होत्या. नारूचा रोग त्यांच्यावरच पोसला. सायक्लॉप या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाच्या पोटात नारूची अळी असे. ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात साधारण वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होऊन पायाच्या फोडातून बाहेर येई. वेदना शमवायला रुग्ण पाय पाण्यात बुडवी आणि नारू त्याच क्षणी हजारो अळ्या पाण्यात सोडी. ऐन पेरणीच्या दिवसांत घरची कर्ती माणसे पाय धरून बसत.

भारताने १९८३-८४ मध्ये नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्र हे त्यातल्या बाधित राज्यांपैकी एक होते. या रोगावर लस नव्हती आणि जंत मारणारे औषधही नव्हते. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करणे, हापसे बसवणे, पाणी दाट कापडातून गाळून पिणे, विहिरीत सायक्लॉप मारणारे द्रव्य घालणे आणि रुग्णाला पाण्यात पाय बुडवू न देणे, एवढ्याच साधनांवर ही लढाई झाली. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त म्हणून प्रमाणपत्र दिले.

या यशात हापशाचा वाटा मोठा आहे, आणि हापशाच्या इतिहासात मराठवाड्याचाही. दुष्काळी भागात कूपनलिका खोदणाऱ्या संस्थांनी जालना येथे टिकाऊ हातपंप बनवला, तो जालना पंप म्हणून ओळखला गेला. त्यापाठोपाठ सोलापूर पंप आला. याच अनुभवातून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क टू हा हातपंप घडला आणि जगभरच्या गावांत पोहोचला. झाकलेल्या उद्भवातून, हात न बुडवता पाणी वर काढणे हेच त्याचे आरोग्यमूल्य. नारू गेला; हगवण, पटकी, विषमज्वर आणि कावीळ मात्र अजून त्याच पाण्याच्या वाटेने येतात.

टीसीएल : पाच ग्रॅमचा हिशेब

जंतूंवर गावाच्या हाती असलेले सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे साधन म्हणजे क्लोरिन. ग्रामपंचायतीत ते टीसीएल पावडरीच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या रूपात येते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. पिशवी उघडी राहिली, ओल किंवा ऊन लागले की तो उडून जातो आणि पांढरा चुना तेवढा उरतो. क्लोरिनचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाणी शुद्ध करण्याच्या कामाची राहत नाही. म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी लागते, आणि जुन्या साठ्याचे नमुने तपासून घ्यावे लागतात.

प्रमाण साधे आहे : १००० लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम चांगली पावडर. दोन हजार लोकवस्तीच्या गावाचा हिशेब करून पाहता येतो. केंद्र सरकारच्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्यानुसार गावाला रोज १,१०,००० लिटर पाणी लागते आणि त्यासाठी ५५० ग्रॅम पावडर पुरते. अर्ध्या किलोहून थोड्या जास्त पावडरीवर रोज दोन हजार माणसांचे आरोग्य अवलंबून असते.

विहिरीतल्या पाण्याचा अंदाज असा काढतात : व्यासाला व्यासाने गुणायचे, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणायचे, आलेल्या संख्येला ४ ने भागायचे. मापे मीटरमध्ये असतील तर उत्तर घनमीटरमध्ये येते. त्याचे १००० पट म्हणजे लिटर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर भरते आणि १४० ग्रॅम पावडर लागते.

पावडर कोरडी टाकून काम होत नाही. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करायची, मग पाणी घालून ढवळायचे आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवायचे. चुना तळाशी बसतो. वरचे निवळलेले पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत खोलवर सोडायचे आणि दोरीने बादली वरखाली करून ते मिसळायचे. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाणी उपसायचे नाही, कारण क्लोरिनला जंतू मारायला वेळ लागतो. रात्री उपसा थांबल्यावर हे काम करणे म्हणूनच सोयीचे असते. गढूळ पाण्यात क्लोरिन आधी गाळाशी झगडतो. पावसाळ्यात त्यामुळे मात्रा वाढवावी लागते किंवा आधी पाणी निवळून घ्यावे लागते.

रोज पावडर टाकणे शक्य नसलेल्या लहान विहिरींसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, दुहेरी मडक्याची पद्धत सुचवली आहे. आतल्या छोट्या मडक्यात १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू ओलसर करून भरतात. दोन्ही मडक्यांना छिद्रे पाडून, एकात एक ठेवून ती पाण्याखाली साधारण मीटरभर सोडतात. क्लोरिन थोडा थोडा झिरपत राहतो आणि कमी उपशाच्या घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतो.

क्लोरिन घातला एवढे पुरेसे नाही. तो शेवटच्या नळापर्यंत उरला पाहिजे. मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरावा लागतो. साथीच्या काळात तो ०.५ मिलिग्रॅमपर्यंत ठेवतात. हा उरलेला क्लोरिन पहारेकऱ्यासारखा असतो : वाटेत गळतीतून घाण शिरली, तर तिच्याशी लढायला तो हवा. तो आहे का, हे ओटी चाचणीने कळते. काचेच्या नळीत नळाचे पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते आणि रंगपट्टीशी ताडून प्रमाण वाचता येते. मुक्त क्लोरिनचा आकडा पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा असतो. उशीर केला की इतर रूपांतला क्लोरिनही रंगात मिसळतो. पाणी रंगहीनच राहिले, तर त्या नळाच्या घरांना संरक्षण नाही. चाचणी टाकीजवळच्या नळावर घेणे सोपे असते, पण खरी माहिती गावाच्या टोकाच्या नळावर मिळते.

क्लोरिनच्या वासाबद्दल तक्रारी येतात आणि त्या ऐकून कधी पावडरच बंद केली जाते. खरे तर हलका वास ही पाणी राखले जात असल्याची खूण आहे. पाणी माठात काही तास उघड्या हवेशी राहिले की वास आपोआप जातो.

जे क्लोरिनने जात नाही

क्लोरिन जंतू मारतो. खडकातून आलेले फ्लोराइड त्याने हलत नाही. नांदेड जिल्हा फ्लोराइडच्या प्रश्नासाठी ओळखला जातो आणि किनवट तालुका त्यातल्या बाधित भागांपैकी आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात विरघळते. पाणी जितका काळ खडकात राहते आणि त्यात कॅल्शियम जितके कमी, तितके फ्लोराइड वाढते. त्यामुळे उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरच्या पाण्यात ते जास्त सापडते. टंचाईत बोअर खोल खोल नेत गेल्यावर पाणी लागते, पण त्याबरोबर हा दोषही वर येऊ शकतो.

मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा उद्भव नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणापासून प्यायले तर पक्क्या दातांवर पांढरे ठिपके, मग पिवळे-तपकिरी पट्टे येतात. दीर्घकाळ जास्त प्रमाण राहिल्यास कंबर, मान व गुडघे आखडतात आणि हाडे वाकतात. झालेली हानी भरून येत नाही, म्हणून सगळा भर ती टाळण्यावर असावा लागतो. येथे एक गैरसमज घातक ठरतो : पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेल्याने त्याचे प्रमाण वाढते. कापडातून गाळूनही ते जात नाही.

उपाय तीन आहेत. पहिला आणि सर्वांत टिकाऊ म्हणजे पिण्यासाठी कमी फ्लोराइडचा दुसरा उद्भव, बहुधा उघडी विहीर किंवा नदीचे पाणी, शोधणे. दुसरा म्हणजे बंधारे, चर आणि पुनर्भरणातून पावसाचे पाणी जमिनीत मुरवून दोषाचे प्रमाण घटवणे. तिसरा म्हणजे पाण्यातून फ्लोराइड काढणे. नीरीने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक मात्रेत मिसळून फ्लोराइड गाळाबरोबर खाली बसवतात. शेजारच्या तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यावरून तिला हे नाव मिळाले. सक्रिय अ‍ॅल्युमिनाच्या गाळण्या आणि आरओ यंत्रेही चालतात, पण माध्यम वेळेवर बदलले नाही तर यंत्र उभे असूनही पाणी तसेच येते. बाधित हापशाचे पाणी धुण्याभांड्यांना चालते. पिण्यास आणि स्वयंपाकाला नको, हे त्या हापशावर ठळक लिहिलेले असावे.

नायट्रेट हा दुसरा रासायनिक दोष. तो उकिरडा, शोषखड्डे, गोठे आणि शेतातल्या युरियामधून येतो. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून तिच्यात सवलत नाही. जास्त नायट्रेटच्या पाण्यात दूध कालवून पाजले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. नायट्रेट वाढलेली विहीर आणखी एक गोष्ट सांगते : मैल्याची वाट तिच्यापर्यंत पोहोचली आहे, जंतूही त्याच वाटेने येऊ शकतात.

एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा उद्भव नसेल तर २००० पर्यंत मानक परवानगी देते. डाळ न शिजणे, साबणाचा फेस न होणे आणि भांड्याला पांढरा थर बसणे ही कठीण पाण्याची लक्षणे त्रासाची असली, तरी ती फ्लोराइड किंवा जंतूंइतकी धोक्याची नाहीत. गावात तक्रार बहुधा चवीची होते, आणि खरा धोका चवीला लागत नाही.

तपासणी आणि तिचा कागद

पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर, व्हावी अशी जल जीवन मिशनची अपेक्षा आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या मिशनने प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद केली. संचाने सामू, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि उरलेला क्लोरिन यांचा प्राथमिक अंदाज गावातच मिळतो. संशयास्पद नमुना मग प्रयोगशाळेत जातो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात.

जंतूंसाठी एचटूएस बाटलीची चाचणी सोपी आहे. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ती प्रसिद्ध केली आणि पुढे ती जगभरच्या गावांत पोहोचली. बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. २४ ते ४८ तासांत ते काळे पडले तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची शक्यता मोठी. प्रयोगशाळेतली कसोटी याहून काटेकोर असते : १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये. ई. कोलाय माणसांच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो, म्हणून पाण्यात तो सापडला की मैला मिसळला, असे समजतात.

नमुना घेण्याची रीत चुकली तर अहवालही चुकतो. जैविक तपासणीची बाटली निर्जंतुक असावी लागते; तिच्या आत बोट लागू द्यायचे नाही; नळ काही मिनिटे सोडून मग भरायची; थंड ठेवून शक्य तितक्या लवकर, एका दिवसाच्या आत, प्रयोगशाळेत पोहोचवायची. क्लोरिन घातलेल्या पाण्यासाठी प्रयोगशाळेची ठरलेली बाटलीच वापरावी, कारण तिच्यात क्लोरिन निष्प्रभ करणारे द्रव्य असते. अहवाल आला की तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. कपाटात राहिलेल्या अहवालाने कोणाचे पाणी शुद्ध होत नाही.

उद्भवाची निगा

बाटलीतला नमुना एका दिवसाचे सांगतो. विहिरीभोवतीची पाहणी पुढच्या महिन्यांचा धोका सांगते. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीच्या उद्भवांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होते आणि धोक्यानुसार कार्ड मिळते : जास्त धोक्याला लाल, मध्यमला पिवळे, कमीला हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखून जलजन्य साथ टाळणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड देतात. ओटा तडकला आहे का, गळती कुठे आहे, पावडरीचा साठा किती, क्लोरिन रोज घातला जातो का, या साध्या प्रश्नांवर हे गुण ठरतात.

गावात या कामासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. नमुने गोळा करणे, ओटी चाचणी घेणे आणि नोंद ठेवणे ही त्याची कामे. प्राथमिक आरोग्य केंद्र, आशा कार्यकर्ती आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याशी त्याचा रोजचा संबंध असतो. ही साखळी जिथे जागती असते, तिथे गळती मे महिन्यातच सापडते.

कायद्याचेही संरक्षण आहे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले आणि २००९ च्या कायद्याने हा विचार पुढे नेला. शेजारच्या शेतात खोल बोअर पडले की गावची विहीर कोरडी पडते आणि गाव पुन्हा असुरक्षित पाण्याकडे वळते. म्हणून हा नियम शुद्धतेचाही नियम आहे.

विखुरलेल्या वाड्या-तांड्यांसाठी लांब पाइप टाकणे महाग पडते. तेथे सौर दुहेरी पंप योजना उपयोगी ठरली आहे. एकाच बोअरवर हापसा आणि सौरऊर्जेचा छोटा पाणबुडी पंप दोन्ही बसतात. पाणी उंचावरच्या टाकीत साठते आणि जवळच्या नळांना येते. ढगाळ दिवशी हापसा चालू राहतो. मात्र या छोट्या टाकीलाही क्लोरिन लागतो, आणि ती धुवावीही लागते.

शेवटचा टप्पा : घर

शुद्ध पाणी नळातून घागरीत आणि घागरीतून माठात येते, तिथे ते पुन्हा दूषित होऊ शकते. पेल्याबरोबर बोटे पाण्यात बुडतात आणि हातावरचे जंतू माठात उतरतात. लांब दांड्याचे ओगराळे हा यावरचा जुना, स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. तोटीचा माठ त्याहून बरा. माठ रोज घासून धुवावा, उंचावर ठेवावा, झाकावा. गढूळ पाणी चारपदरी कापडातून गाळावे. तुरटी फिरवली तर गाळ बसतो, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. त्यानंतर पाणी खळखळून उकळावे किंवा आरोग्य खात्याकडून मिळणारे क्लोरिनचे द्रावण सांगितलेल्या मात्रेत घालून अर्धा तास थांबावे.

गावात एकाच वेळी अनेकांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर वाट पाहू नये. संशयित उद्भव त्याच क्षणी बंद करावा, आरोग्य केंद्राला कळवावे, क्लोरिन घालण्याआधी पाण्याचा नमुना घ्यावा, मग टाकी व विहीर शुद्ध करावी आणि गळती शोधावी. तोवर प्रत्येक घराने पाणी उकळून प्यावे. जुलाबात माणूस दगावतो तो शरीरातले पाणी संपल्याने. म्हणून ओआरएस लगेच सुरू करावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, घालावे. लहान मुलांना त्याबरोबर आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर दवाखाना गाठावा.

खर्च कोणाचा, जबाबदारी कोणाची

या सगळ्याला पैसा लागतो, पण तो फार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. गावची पाणीपट्टी त्यात भर घालते. योजना बांधताना कोटींचा खर्च होतो आणि पुढे पावडर, व्हॉल्व्ह, वीजबिल आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार यांसाठी पैसे अपुरे पडतात; बहुतेक योजना येथेच मोडतात. ग्रामीण पाणीपुरवठा व स्वच्छता समिती या खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवते. ग्रामसभेत विचारण्याजोगे प्रश्न चारच आहेत : शेवटच्या नळाला क्लोरिन किती उरतो, पावडरीचा साठा कधीचा आहे, फ्लोराइडचा अहवाल काय सांगतो, आणि आपले कार्ड कोणत्या रंगाचे आहे. ज्या गावात हे प्रश्न दर ग्रामसभेत विचारले जातात आणि त्यांची उत्तरे वहीत लिहिली जातात, त्या गावाच्या माठातले पाणी राखले जाते.